दरवाजा एकदाच काढायचा

पळस्पे फाट्यावर उभे राहिले की तीन वाटा दिसतात. जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीकडे निघतो, गोव्याचा रस्ता पेण, महाडकडे वळतो आणि तिसरा न्हावाशेव्याच्या बंदराकडे जातो. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनर आले, गोदामे आली. पळस्पे ते इंदापूर या चौऱ्याऐंशी किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ते किती वर्षे रेंगाळले हे कोकणातल्या गावी जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. २०१३ मध्ये विमानतळाभोवतालच्या पट्ट्यासाठी, ज्याला सगळे 'नैना' म्हणतात, सिडकोला नियोजनाचा अधिकार मिळाला. २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. रस्ता, गोदाम, सोसायटी, बंगला, यातले काहीही उभे राहण्याआधी कागदावर काढावे लागते, आणि ते काढणारे हात बहुतेक वेळा पंचविशीच्या आतले असतात. पनवेल, तळोजा, पेण भागातल्या आपल्या कितीतरी घरांत असा एखादा मुलगा किंवा मुलगी आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि 'दिवसभर कॉम्प्युटरवर रेघा ओढतो म्हणजे नक्की काय करतो' असे विचारणाऱ्या त्यांच्या अम्मी-अब्बांसाठीही.

कोणताही प्लॅन घ्या. त्यात भिंती सोडल्या तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी पुन:पुन्हा येतात. दरवाजा, खिडकी, संडासाचे भांडे, वॉश बेसिन, पलंग, गॅसची शेगडी, दिव्याची जागा, खांब, उत्तर दिशेचा बाण. चार मजल्यांच्या एका साध्या इमारतीत शंभराहून जास्त दरवाजे सहज होतात. हाताने नकाशे काढण्याच्या काळात यासाठी हिरव्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळत. त्यांत बेसिनच्या, भांड्याच्या, दाराच्या कमानीच्या आकाराची भोके असत. भोकात पेन घालून फिरवले की चिन्ह तयार. पण पट्टी एका मापाची. एकास पन्नासची पट्टी एकास शंभरच्या नकाशाला चालत नसे, आणि मालकाने ऐन वेळी दार अडीच फुटांवरून तीन फुटांवर नेले तर ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडून काढावी लागे. जुन्या ड्राफ्ट्समन मंडळींच्या बोटांवर त्या ब्लेडच्या खुणा आम्ही पाहिल्या आहेत.

एक मूळ आकृती ठेवायची आणि हव्या तितक्या ठिकाणी तिच्या नकला बसवायच्या, ही कल्पना कॉम्प्युटरवर पहिल्यांदा आणली ती अमेरिकेतल्या आयव्हन सदरलँड यांनी. १९६३ मध्ये एमआयटी या संस्थेत त्यांनी पीएच.डी.साठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली लिहिली. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ ओढायची. मूळ आकृतीत बदल केला की तिच्या साऱ्या नकला आपोआप बदलत. आज आपल्या मुलांना यात काही नवल वाटत नाही, पण तो काळ कॉम्प्युटर खोलीएवढा असण्याचा होता. पुढे १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि हीच कल्पना छोट्या कॉम्प्युटरवर 'ब्लॉक' या नावाने सर्वांच्या हाती पडली.

ब्लॉकने काम हलके केले, पण एक नवा पसाराही करून ठेवला. साडेसातशे मिलीमीटरच्या दाराचा एक ब्लॉक, नऊशेचा दुसरा, हजाराचा तिसरा. प्रत्येकाचा डावा आणि उजवा. बाहेर उघडणारा, आत उघडणारा. नऊ इंची भिंतीचा, साडेचार इंची भिंतीचा. तीन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे चोवीस झाले, आणि हे फक्त एका पल्ल्याचे. मग फोल्डरमध्ये 'दार नवीन', 'दार नवीन २', 'दार फायनल', 'दार फायनल खरे' अशा नावांची जत्रा भरते. कोणता घ्यायचा हे आठवत नाही म्हणून माणूस जवळचा घेतो आणि स्केल करून ओढून-ताणून बसवतो. स्केल केले की रुंदीबरोबर पल्ल्याची जाडी आणि चौकटही फुगते. कागदावर ते लक्षात येत नाही, साइटवर सुताराच्या लक्षात येते.

यावर उत्तर आले २००५ मध्ये, ऑटोकॅडच्या २००६ च्या आवृत्तीत. त्याला डायनॅमिक ब्लॉक म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचे तर चिन्ह एकच, पण त्याला आपण ठरवून दिलेल्या जागी वाकता, ताणता, उलटता येते. बाकी जागी ते हलत नाही. आमच्या मते त्याची खरी किंमत या दुसऱ्या गोष्टीत आहे. ताणणे तर रबरालाही जमते.

हे नुसते वाचून कळायचे नाही, म्हणून आपण एक दार करूच. ज्यांना ऑटोकॅड येते त्यांनी समोर उघडून ठेवावे. ज्यांना येत नाही त्यांनी हा भाग वरवर वाचून पुढे गेले तरी चालेल.

आधी नऊशे मिलीमीटरचे साधे दार काढा. भिंतीतली मोकळी जागा आडवी, डाव्या टोकाला बिजागरी. चौकटीच्या दोन्ही उभ्या बाजू, उघडलेला पल्ला वरच्या दिशेने उभा आणि पल्ल्याच्या टोकापासून समोरच्या चौकटीपर्यंत पाव वर्तुळ. हे सगळे शून्य लेयरवर काढा, कारण पुढे सांगू. बिजागरीचा कोपरा हा बेस पॉइंट धरून ब्लॉक करा आणि त्यावर डबल क्लिक करून ब्लॉक एडिटर उघडा.

इथे दोन शब्द समजून घ्यायला हवेत. पॅरामीटर म्हणजे काय बदलू शकते, आणि ॲक्शन म्हणजे ते बदलल्यावर कोणत्या रेघांनी काय करायचे. रुंदी हा पॅरामीटर, ताणणे ही ॲक्शन. नुसता पॅरामीटर लावून ठेवला तर पिवळे उद्गारचिन्ह दिसते. ते 'माझ्याकडून काही काम तर करून घ्या' असे म्हणत असते.

बिजागरीपासून समोरच्या चौकटीपर्यंत लिनिअर पॅरामीटर लावा आणि त्याला 'रुंदी' असे नाव द्या. 'अंतर १' हे सॉफ्टवेअरने दिलेले नाव तसेच ठेवू नका, महिनाभराने तुम्हालाच कळणार नाही. आता रुंदी बदलली की तीन गोष्टी तीन तऱ्हेने बदलायला हव्यात. समोरची चौकट आडवी सरकायला हवी, त्यासाठी स्ट्रेच ॲक्शन. पल्ला मात्र उभा आहे, तो वरच्या दिशेने तेवढाच लांबायला हवा. त्यासाठी दुसरी स्ट्रेच ॲक्शन लावायची आणि तिच्या गुणधर्मांत कोनाचा फरक नव्वद द्यायचा. ओढणे आडवे, लांबणे उभे. पाव वर्तुळाला ताणता येत नाही, ते मोठे-लहान करावे लागते. म्हणून त्याला स्केल ॲक्शन, बिजागरीचा बिंदू स्थिर ठेवून. शिकवताना आमचा अनुभव असा की दहातली आठ मुले इथेच अडतात. ती पल्ला आणि वर्तुळ दोन्ही स्केलमध्ये टाकतात आणि मग हजाराच्या दाराचा पल्ला जाड दिसतो.

मग रुंदीला मोकाट सोडायचे नाही. गुणधर्मांत यादी द्यायची: ७५०, ९००, १०००. आता माऊसने कितीही ओढले तरी दार या तीन मापांवरच थांबते. ८७३ चे दार कोणाला काढताच येणार नाही.

भिंतीच्या जाडीसाठी दुसरा लिनिअर पॅरामीटर. ११५, १५०, २३०. डावे-उजवे आणि आत-बाहेर करण्यासाठी दोन फ्लिप. फ्लिप लावताना एक काळजी घ्या. उलटवायच्या गोष्टी निवडताना फक्त रेघा निवडू नका, रुंदीचा आणि जाडीचा पॅरामीटरही निवडा. नाहीतर दार उलटते, पण ओढायचा निळा बाण जुन्याच जागी भिंतीत अडकून राहतो. त्यानंतर अलाइनमेंट पॅरामीटर, त्याला कोणतीही ॲक्शन लागत नाही. ब्लॉक तिरप्या भिंतीजवळ नेला की तो स्वत:च तिच्या कोनात बसतो. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यांतल्या घरांचे नकाशे ज्यांनी काढले आहेत त्यांना याचे मोल सांगायला नको. तिथे काटकोन शोधूनही सापडत नाही.

शेवटी व्हिजिबिलिटी. एक पल्ला, दोन पल्ले, सरकते दार, या तिन्ही आकृत्या एकाच ब्लॉकमध्ये एकावर एक काढून ठेवायच्या आणि प्रत्येक अवस्थेत कोणती दिसेल ते ठरवायचे. एका ब्लॉकमध्ये व्हिजिबिलिटी पॅरामीटर एकच घेता येतो, म्हणून आधी विचार करून ठेवा. लुकअपची तक्ती जोडली तर 'डी-१' निवडले की हजार, 'डी-२' निवडले की नऊशे, असे नावावरून माप येते. सेव्ह करण्याआधी 'टेस्ट ब्लॉक'चे बटण दाबून सगळे बाण ओढून पाहा. दोन्ही बाजूंनी उलटवून मग रुंदी बदला, चूक असेल तर ती तिथेच सापडते.

पहिल्यांदा हे करायला अख्खी संध्याकाळ जाते. कुरकुर होते, आम्ही ऐकली आहे. तेवढ्या वेळात दहा दारे साधी काढून झाली असती. खरे आहे. पण अकरावे दार लागतेच.

आता त्या साडेसातशेबद्दल थोडे सविस्तर, कारण ही गोष्ट चित्रापुरती राहत नाही. न्हाणीघराला, संडासाला साडेसातशेचे दार देणे इतके सवयीचे झाले आहे की कोणी विचारच करत नाही. पण साडेसातशे म्हणजे भिंतीतले भोक. लाकडी चौकट दोन्ही बाजूंना साठ-साठ मिलीमीटर धरली तर एकशे वीस गेले, राहिले सहाशे तीस. दार नव्वद अंशांत उघडून उभे राहिले की पल्ल्याची जाडी, तीसेक मिलीमीटर, तीही वाटेत येते. उरली जेमतेम सहाशेची वाट. घरातल्या दादी किंवा नानी उद्या व्हीलचेअरवर आल्या तर साध्या खुर्चीची रुंदीच साडेसहाशे-सातशेच्या आसपास असते. म्हणजे आपल्याच घरात त्यांना वुजूसाठी दारापाशी थांबून कोणाला तरी हाक मारावी लागणार. अपंगांच्या सोयीचे सरकारी निकष नऊशेची मोकळी वाट मागतात आणि खुर्ची वळवायला दीड मीटरचे वर्तुळ.

चांगला डायनॅमिक ब्लॉक इथे कामाला येतो. दाराच्या ब्लॉकमध्ये मोकळ्या वाटेची एक तुटक रेघ काढून ठेवा, जी रुंदीबरोबर बदलेल आणि छपाईच्या वेळी व्हिजिबिलिटीने लपवता येईल. बाथरूमच्या ब्लॉकमध्ये तसेच दीड मीटरचे वर्तुळ. मालकाशी बोलताना ते दाखवायचे. 'चाचा, हे वर्तुळ भिंतीला लागतंय बघा. कपाट चार इंच मागे घेतलं तर बसेल.' तोंडी सांगून न पटणारी गोष्ट वर्तुळ भिंतीत घुसलेले दिसले की पटते. घर बांधून झाल्यावर दार रुंद करायचे म्हणजे भिंत फोडायची, लादी फोडायची, कधी वरचा लिंटेलही. कागदावर तो एक बाण ओढण्याचा खेळ आहे.

पळस्प्याच्या बाजूला घरांइतकेच काम गोदामांचे आणि कंटेनर यार्डांचे असते. तिथे यादीतल्या मापांचा नियम आणखी कडक पाळावा लागतो. वीस फुटी कंटेनरची बाहेरची लांबी ६०५८ मिलीमीटर, चाळीस फुटीची १२१९२, रुंदी दोन्हींची २४३८. इथे एक गंमत आहे. वीस फुटी दोन ठेवले तर १२११६ होतात, चाळीसपेक्षा ७६ मिलीमीटर कमी. वीस फुटी कंटेनर मुद्दाम जरासा आखूड ठेवला आहे, म्हणजे चाळिसाच्या जागेत दोन ठेवल्यावर मध्ये तीन इंचांची फट राहते. एकच ब्लॉक, लांबीची यादी दोन मापांची, बस. यादी दिली नाही तर नवशिका हात साडेअकरा मीटरचा कंटेनर ओढून ठेवतो, जो जगातल्या कोणत्याही जहाजावर मिळायचा नाही, आणि त्या हिशेबाने यार्डात एक रांग जास्त बसते. मालकाने त्या रांगेवर भाड्याचा हिशेब केलेला असतो.

गोदामातल्या रॅकसाठी ॲरे ॲक्शन वापरतात. ब्लॉकचे एक टोक ओढत न्यायचे, ठरलेल्या अंतराने खण वाढत जातात. पार्किंगच्या पट्ट्या, रस्त्याकडेचे दिव्याचे खांब, जिन्याच्या पायऱ्या, सगळे याच वर्गातले.

आणि मशिदीतल्या सफाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वाढीव बांधकामाचे नकाशे काढताना 'किती नमाजी मावतील' हा प्रश्न पहिला येतो आणि उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने दिले जाते. दोन सफांमधले अंतर साधारण चार फूट, म्हणजे १२०० मिलीमीटर धरतात, आणि एका माणसाला दोन फूट, म्हणजे ६००. या मापांचा ॲरे ब्लॉक केला की हॉलची लांबी ओढताच सफा मोजून मिळतात. बारा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद हॉलमध्ये दहा सफा, प्रत्येकी पंधरा जण, दीडशे. मध्ये खांब आले की त्या सफा तुटलेल्याही लगेच दिसतात, आणि खांब दीड फूट सरकवता येईल का हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला वेळेवर विचारता येते. स्लॅब पडल्यावर विचारून उपयोग नसतो.

किब्ल्याचेही तसेच. पनवेल परिसरातून मक्केची दिशा बरोबर पश्चिम नाही, पश्चिमेपासून सुमारे दहा अंश उत्तरेकडे आहे. ऑटोकॅड कोन पूर्वेपासून उलट्या काट्याने मोजतो, त्यामुळे तिथे तो १७० येतो. उत्तर दिशेच्या बाणाच्या ब्लॉकमध्येच किब्ल्याची एक बारीक रेघ पक्की बसवून ठेवावी आणि ब्लॉकला फिरवण्याचा पॅरामीटर द्यावा. बाण प्लॉटच्या उत्तरेशी जुळवला की किब्ला आपोआप जुळतो. घराच्या प्लॅनमध्येही लोक विचारतात की संडासाचे भांडे किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करून तर नाही ना. रेघ समोर असली की भांड्याचा ब्लॉक नव्वद अंश फिरवायला एक सेकंद पुरतो. पाइप टाकल्यावर तेच काम किती दिवसांचे, हे प्लंबरला विचारा. फक्त उत्तर खरी असली पाहिजे. दुसऱ्या नकाशावरून बाण उचलून ठेवण्याची वाईट खोड आपल्या धंद्यात आहे, आणि मग किब्लाही दुसऱ्याच्याच प्लॉटचा येतो.

आता काही खाचखळगे. शून्य लेयरचे कारण सांगायचे राहिले होते. ब्लॉकमधल्या रेघा शून्य लेयरवर असल्या आणि त्यांचा रंग 'बाय लेयर' असला तर ब्लॉक ज्या लेयरवर बसवाल त्याचा रंग आणि जाडी त्या घेतात. पालिकांच्या मंजुरीसाठी नकाशा कॉम्प्युटरने तपासण्याची पद्धत महाराष्ट्रात आता रुळली आहे. तिथे कोणती गोष्ट कोणत्या लेयरवर हे ठरलेले असते. ब्लॉकच्या पोटात भलताच लेयर लपला असेल तर नकाशा परत येतो आणि कारण शोधता शोधता डोळे दुखतात.

दुसरे एककाचे. इंचात केलेला ब्लॉक मिलीमीटरच्या फाइलमध्ये आणला आणि एकक सांगितलेले नसले तर तो पंचवीसपट लहान येतो. दार ठिपक्याएवढे दिसते. ते दिसते म्हणून कळते तरी. पण कोणी ते हाताने अंदाजे मोठे केले की घोटाळा नकाशात मुरतो.

तिसरे एक्स्प्लोड. काही जमले नाही की ब्लॉक फोडायचा, ही सवय इतकी पसरली आहे की आम्ही तिला रोगच म्हणतो. फोडला की त्याचे शहाणपण संपले, उरल्या सुट्या रेघा. ब्लॉक करतानाच 'फोडण्यास परवानगी' ही खूण काढून टाकता येते. आम्ही ती काढतो आणि शिव्या खातो.

चौथे मोजणीचे, आणि इथे पैशांचा प्रश्न आहे. इमारतीत नऊशेची दारे किती, साडेसातशेची किती, डावी किती, उजवी किती, ही यादी सुताराला आणि कंत्राटदाराला लागते. दारे खऱ्याखुऱ्या ब्लॉकची असतील तर डेटा एक्स्ट्रॅक्शनने ही यादी मापांसकट निघते. २०२२ च्या आवृत्तीपासून 'काउंट' ही वेगळी सोयही आली आहे. डायनॅमिक ब्लॉकचे माप बदलले की ऑटोकॅड आतल्या आत त्याला तारा आणि आकड्यांचे एक निनावी नाव देतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या, नुसत्या नावावरून मोजणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना अर्धी दारे दिसतच नाहीत. यादी काढल्यावर एका मजल्याची दारे बोटाने मोजून ताडा घ्यावा. डाव्या-उजव्याचीही. 'भाई, ही बारा दारं उलटी आलीत' असा फोन आला की कोणाचा तरी सण खराब होतो.

आणि हेही माहीत असावे की एका फाइलमध्ये ब्लॉक सुधारला म्हणून बाकीच्या फाइली सुधारत नाहीत. प्रत्येक फाइलने स्वत:ची प्रत पोटात ठेवलेली असते. तिथे नवी व्याख्या पुन्हा आणावी लागते.

रोजीरोटीच्या दृष्टीने याला किती महत्त्व द्यायचे? आमचे प्रामाणिक मत असे की डायनॅमिक ब्लॉक येतो म्हणून कोणाला नोकरी लागत नाही. पण कामावर बसवून परीक्षा घेतात तेव्हा फरक पडतो. रायगड-रत्नागिरीतून दुबई, कुवेत, सौदीला जाणाऱ्या आपल्या मुलांत ड्राफ्ट्समन बरेच आहेत. तिथे घराच्या प्लॅनपेक्षा वातानुकूलन, प्लंबिंग, विजेच्या शॉप ड्रॉइंगचे काम अधिक. तिथे व्हॉल्व्ह, डिफ्युझर, पंप अशा चिन्हांचा नुसता पाऊस असतो. मुलाखतीत कॉम्प्युटर समोर ठेवून प्लॅन काढायला सांगतात. एकजण प्रत्येक व्हॉल्व्ह कॉपी करून फिरवत बसतो. दुसरा एक ब्लॉक बसवतो, तो पाइपच्या दिशेत आपोआप वळतो, खालच्या त्रिकोणावर क्लिक करून तो प्रकार बदलतो. परीक्षक काही बोलत नाही, पण बघत असतो.

लग्नानंतर किंवा मुले लहान असताना घरून काम करणाऱ्या मुलींसाठी तर हा वेळेचाच हिशेब आहे. त्यांना पैसे शीटवर मिळतात, तासांवर नाही. मूल झोपले आहे तेवढ्या दोन तासांत एक शीट होते की दीड, हे तयार ब्लॉकवर ठरते. आम्ही पाहिलेल्या चांगल्या ड्राफ्ट्समनपैकी काही अशाच घरी बसून काम करणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या ब्लॉकच्या फाइली ऑफिसांतल्या फाइलींपेक्षा नीटनेटक्या असतात.

शिकायचे कुठे? दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा अभ्यासक्रम आहे. आर्किटेक्चर किंवा इंजिनीअरिंगकडे जायचे तर न्यू पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस घराजवळ आहे. अंजुमनची स्थापना १८७४ ची. क्लासेस गल्लोगल्ली आहेत. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ब्लॉक एडिटर शिकवता का? बरेच जण 'ब्लॉक' आणि 'इन्सर्ट' या दोन कमांडवर तो धडा संपवतात. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क कंपनी शिक्षणासाठी सॉफ्टवेअर फुकट देते, दरवर्षी नूतनीकरण करून. ते धंद्याच्या कामाला वापरायचे नसते. चोरीची प्रत कोणी पेन ड्राइव्हवर आणून दिली तर ती घ्यावी की नाही हे आम्ही या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ऑटोकॅडची एलटी ही स्वस्त आवृत्ती आणि इतर कंपन्यांची त्याहून स्वस्त सॉफ्टवेअरे मिळतात. मात्र दुसऱ्या कंपनीचे घेण्याआधी आपला डायनॅमिक ब्लॉक त्यात उघडून ओढून पाहावा. काहींत तो दिसतो, पण हलत नाही.

पुढे रेव्हिट शिकणार असाल तर तिथेही हेच तत्त्व आहे, फक्त दार तिथे तिन्ही मापांत उभे राहते. रेव्हिटमध्ये या बदलत्या चिन्हांना 'फॅमिली' म्हणतात. कौटुंबिक मासिकात लेख छापून यायला एवढे निमित्त पुरेसे आहे.

राहता राहिला एक प्रश्न, जो आम्हाला तरुण मुले हळू आवाजात विचारतात. नोकरी सोडताना ऑफिसचे ब्लॉक सोबत नेले तर काय बिघडते? कॉपीच तर करायची आहे, मूळ तिथेच राहते. आमचे उत्तर ठाम आहे. पगारावर असताना, ऑफिसच्या वेळेत, ऑफिससाठी केलेली लायब्ररी ही ऑफिसची अमानत आहे, भले त्यातले प्रत्येक दार तुम्ही काढलेले असो. मागून मिळाली तर खुशाल घ्या. अनेक मालक देतात, काही नाही देत. पण दार कसे करायचे ही अक्कल तुमची आहे, ती कोणी परत मागू शकत नाही. घरी बसून तेच दार पुन्हा पहिल्या रेघेपासून करा. दुसऱ्यांदा ते संध्याकाळ खात नाही, तासाभरात होते, आणि पहिल्या वेळी राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यावेळी सुचतात. फाइलला स्वत:चे नाव द्या, एकक आणि तारीख लिहा. कोणती रुंदी धरली आहे, भिंतीतल्या भोकाची की मोकळ्या वाटेची, हेही ब्लॉकच्या वर्णनाच्या जागेत एका ओळीत लिहून ठेवा.